सही करणारा हात

इब्री भाषेतील 'मिश्पाट' हा शब्द भाषांतरकाराची सहजासहजी सुटका करीत नाही. न्याय, निवाडा, नियम, हक्क, रीत असे त्याचे अनेक अर्थ होतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांतला एकच निवडावा लागतो. पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायात इस्राएल लोक राजा मागतात, तेव्हा त्या राजाचा 'मिश्पाट' काय असेल हे शमुवेल त्यांना ऐकवतो. राजा तुमचे पुत्र आपल्या रथांपुढे धावायला घेईल, तुमच्या कन्यांना स्वयंपाकाला लावील, चांगली शेते व द्राक्षमळे काढून आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा उचलील. याला राजाचे हक्क म्हणावे की राजाची खोड म्हणावी? 'हक्क' लिहिले तर लुटीला शास्त्राचा आधार दिल्यासारखे होते. 'खोड' लिहिले तर शब्दातली कायद्याची छटा हरवते. पुढे दहाव्या अध्यायात शौलाची निवड झाल्यावर शमुवेल 'राज्याचा मिश्पाट' लोकांना समजावून सांगतो, तो ग्रंथात लिहितो आणि ग्रंथ परमेश्वरापुढे ठेवतो. शब्द तोच आहे. अर्थ मात्र आता राजालाही बांधणारा नियम असा झाला आहे. या दोन अध्यायांमधले अंतर तोडण्यासाठी मनुष्यजातीला कित्येक शतके खर्चावी लागली, आणि ते अंतर पुरते तुटले आहे असे आजही म्हणवत नाही.

आपल्या भाषेतही अशीच एक मौज आहे. मराठी वृत्तपत्रे अमेरिकेच्या प्रमुखाला 'राष्ट्राध्यक्ष' म्हणतात आणि आपल्या प्रमुखाला 'राष्ट्रपती'. २००७ साली प्रतिभाताई पाटील या पदावर निवडून आल्या, तेव्हा स्त्रीला हा शब्द कसा लावावा याची चर्चा रंगली होती. मला त्या चर्चेपेक्षा 'पती' या शब्दाचा मूळ अर्थ अधिक विचार करण्याजोगा वाटतो. पती म्हणजे धनी, स्वामी. इब्रीतील 'बाल' शब्दाचीही हीच गत आहे. नवरा आणि मालक हे दोन्ही अर्थ तो एकदमच वागवतो. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर आपल्या प्रजेला सांगतो की, यापुढे तू मला त्या मालकीच्या नावाने हाक मारणार नाहीस, आपुलकीच्या नावाने मारशील. आपल्या घटनाकारांनीही काहीसे असेच केले. नाव धन्याचे ठेवले, पण धनीपण दिले नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना स्पष्ट केले होते की, आपल्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, अमेरिकेच्या प्रेसिडेंटसारखे नाही. उलट तिकडे, सभेच्या अध्यक्षाला शोभेल अशा साध्या नावाखाली केवढी तरी सत्ता एकवटली आहे!

जेथे राष्ट्राध्यक्ष स्वतःच राज्य चालवतो, तेथे प्रश्न निदान सरळ असतो: त्याला अडवणार कोण? अमेरिकेच्या घटनेने त्याचा नकाराधिकार दोनतृतीयांश मतांनी मोडण्याची सोय काँग्रेसला दिली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै १९७४ रोजी निक्सन यांना ध्वनिफिती हजर करायला लावल्या, आणि सोळा दिवसांनी त्यांनी पद सोडले. त्याच न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी असेही ठरवले की, अधिकृत कृत्यांबद्दल माजी राष्ट्राध्यक्षावर खटला भरण्यास मोठी मर्यादा आहे. त्या निकालाने नाथान संदेष्ट्याला राजवाड्याच्या दाराशीच थांबवले, असे माझे मत आहे. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसद भवनात शिरत असताना एकशेनव्वद सदस्य कसेबसे आत पोहोचले आणि काही तासांतच सर्वांनी एकमुखाने तो कायदा उठवण्याचा ठराव केला. ४ एप्रिल २०२५ रोजी तेथील घटना न्यायालयाने एकमताने यून यांना पदच्युत केले. हे वाचताना मला दुसऱ्या इतिहासाच्या सव्विसाव्या अध्यायातला अजऱ्या याजक आठवला. उज्जीया राजा धूप जाळण्याकरिता मंदिरात घुसला, तेव्हा हा याजक ऐंशी धैर्यवान याजकांना बरोबर घेऊन त्याच्यामागून आत गेला आणि हे काम तुझे नव्हे, बाहेर हो, असे त्याने राजाला तोंडावर सांगितले.

आपल्याकडचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आपले राष्ट्रपती राज्य चालवत नाहीत. ते सही करतात. निर्णय दुसऱ्याचा, कागद दुसऱ्याने लिहिलेला, सल्ला बंधनकारक. आणि तरीही त्या सहीवाचून कागदाला प्राण येत नाही. मग त्या सहीचे नैतिक उत्तरदायित्व कोणाचे? कलम ३६१ प्रमाणे राष्ट्रपती आणि राज्यपाल आपल्या अधिकाराच्या वापराबद्दल कोणत्याही न्यायालयाला उत्तर देण्यास बांधील नाहीत. म्हणून हा प्रश्न आपोआपच न्यायालयातून निघून सदसद्विवेकबुद्धीच्या दारात येऊन बसतो. ख्रिस्ती नियतकालिकात त्याचा विचार करण्याचे कारणही हेच.

दानीएलाच्या सहाव्या अध्यायात या प्रश्नाचे चित्र मला सर्वांत स्पष्ट दिसते. आपण ती कथा सिंहांसाठी वाचतो, मुलांनाही सिंहांसाठीच सांगतो. पण थोडे अगोदर थांबून पाहावे. अधिकारी दारयावेश राजाकडे तयार मसुदा घेऊन येतात: तीस दिवसपर्यंत राजावाचून कोणाकडेही कोणी काही मागू नये. राज्याच्या सर्व प्रमुखांनी मिळून हे ठरवले आहे, असे ते सांगतात. हे धडधडीत असत्य होते, कारण त्या राज्याचे मुख्य कारभारी तीन आणि दानीएल त्यांपैकी एक. त्याला कोणी विचारले नव्हते. राजाने 'सर्वांनी' या शब्दाची चौकशी केली नाही. कायद्याने कोणाचे भले होणार आणि कोणाचा जीव जाणार हेही विचारले नाही. मसुद्यात त्याची स्तुती होती. त्याने सही केली. मग सत्य कळल्यावर तो सूर्यास्तापर्यंत दानीएलाला सोडवण्यासाठी धडपडला, रात्रभर उपाशी राहिला, झोपला नाही. पण मेदी व पारसी यांचा कायदा एकदा शिक्का पडला की बदलत नसे. दारयावेश दुष्ट नव्हता. वाचल्यावाचून सही करणारा एक बरा मनुष्य, एवढाच तो होता.

२५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांच्यापुढे असाच एक कागद आला. अंतर्गत आणीबाणीची ती उद्घोषणा मध्यरात्रीपूर्वी सहीनिशी परत गेली. मंत्रिमंडळाला ती कळली दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता. म्हणजे ज्यांच्या सल्ल्याने राष्ट्रपतींनी वागायचे, त्या मंत्र्यांनाच ठाऊक नव्हते की आपण काय सल्ला दिला आहे. त्याच वर्षी डिसेंबरात अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले: राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसलेले असून दाराच्या फटीतून वटहुकमांवर सही करून देत आहेत. आपल्या प्रजासत्ताकाच्या इतिहासात इतके थोडे बोलून इतके सांगणारे चित्र क्वचितच निघाले असेल. पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दोन कड्या बसवल्या. एक अशी की, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्यावाचून राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये. दुसरी अशी की, कोणताही सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तो पुन्हा आला तर मात्र मानलाच पाहिजे. दारयावेशाला जे दार नव्हते ते हे. एकदाच उघडणारे आहे खरे, पण दार आहे.

मी ज्या चाकसूत राहून हे लिहीत आहे, ते गाव जयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शीतला मातेच्या चैत्रातल्या मेळ्यासाठी ते या भागात सर्वांना ठाऊक आहे. एरवी त्याचे नाव कोणी फारसे काढत नाही. हा सारा मुलूख १९४९ पर्यंत जयपूर संस्थानचा. त्या वर्षी ३० मार्चला सरदार पटेलांनी बृहद् राजस्थानचे उद्घाटन केले आणि महाराजा मानसिंह राजप्रमुख झाले. ते पदही १९५६ साली संपून राज्यपाल आले. राजाच्या जागी राजप्रमुख आणि राजप्रमुखाच्या जागी राज्यपाल, असा हा सात वर्षांतला प्रवास. राजाचा मिश्पाट आणि राज्याचा मिश्पाट यांतला भेद येथील माणसाला व्याकरणाने शिकवावा लागत नाही.

राष्ट्रपतींच्या सहीचे वजन राजस्थानाइतके फार थोड्या राज्यांनी अनुभवले असेल. भैरोसिंह शेखावत यांचेच चरित्र पाहावे. १९७७ साली केंद्रात जनता पक्षाचे सरकार येताच त्याने नऊ राज्यांच्या काँग्रेस सरकारांना निवडणुका घेण्यास सांगितले. राजस्थानसह काही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २९ एप्रिलला न्यायालयाने त्यांचे दावे फेटाळले आणि कलम ३५६ खालील उद्घोषणांचे कागद हंगामी राष्ट्रपती बी. डी. जत्ती यांच्यापुढे आले. जत्ती मूळचे जमखंडी भागातले, म्हणजे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानातले. सीमाभागातल्या मराठी वाचकांना हे नाव परके नाही. त्यांनी त्या दिवशी सही केली नाही. विचाराला अवधी हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. देशभर खळबळ उडाली, सरकारने हट्ट सोडला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

या एका रात्रीचे मोल काय? कित्येकांनी तेव्हा त्यांची चेष्टा केली, काहींनी त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला. मला वाटते, थांबण्यात त्यांचे काही चुकले नव्हते. नऊ राज्यांच्या विधानसभा एका लेखणीने मोडताना जो एक रात्रही थांबत नाही, त्याच्याविषयी मला अधिक काळजी वाटेल. मात्र त्या रात्रीतून कोणतीही लेखी कारणमीमांसा देशापुढे आली नाही, म्हणून ती रात्र वाया गेली. नुसता संकोच म्हणजे विवेक नव्हे. विवेकाला बोलावे लागते.

त्या सहीचा लाभ शेखावतांना झाला. जून १९७७ मध्ये ते जयपूरला मुख्यमंत्री झाले. इंदिरा गांधी परत आल्यावर फेब्रुवारी १९८० मध्ये त्याच कलमाखाली, तशाच दुसऱ्या एका सहीने, त्यांचे सरकार गेले. १९९० साली ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. बाबरी मशीद पाडली गेल्यावर १५ डिसेंबर १९९२ रोजी तिसऱ्या सहीने तेही सरकार गेले. ज्या सुरीने आपले ताट वाढले गेले तीच पुढे दोनदा आपल्या हातावर चालली, असा हा प्रकार. ११ मार्च १९९४ च्या बोम्मई निकालात नऊ न्यायाधीशांनी अशा उद्घोषणा न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत आणल्या, पण राजस्थानचे १९९२ चे प्रकरण मात्र धर्मनिरपेक्षतेच्या कारणावरून वैध ठरवले. हे कलम मृताक्षर राहावे अशी आशा डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत बोलून दाखवली होती. आपण ते फार काळ मृत राहू दिले नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव २०१९ साली आला. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवली गेली आणि आठच्या सुमारास मुंबईच्या राजभवनात शपथविधीही उरकला. राजवट उठवण्याचा सल्ला मंत्रिमंडळाच्या बैठकीतून गेला नव्हता. कामकाज-नियमांतील बाराव्या नियमाने पंतप्रधानांना अपवादाची जी मुभा दिली आहे तिच्या आधारे गेला होता, आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घ्यायची होती. नियम मोडला असे म्हणता येत नाही. पण 'सर्वांनी मिळून ठरवले आहे' हे वाक्य दारयावेशाच्या दरबारात जितके खरे होते, तितकेच त्या पहाटे खरे होते. सर्वोच्च न्यायालय रविवारी बसले, २६ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, त्याने दुसऱ्या दिवशी उघड मतदानाने बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला, आणि त्याच दुपारी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ऐंशी तासांचे ते सरकार आपण विनोदाने आठवतो. मला त्यात विनोद कमी दिसतो. पहाटेच्या पावणेसहाला देशाच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीला उठवून सही घेण्याइतकी घाई कोणत्या लोकहिताची होती, हा प्रश्न कोणी विचारायचा होता? घटनेने तो विचारण्याचा अधिकार ज्या एकाच व्यक्तीला दिला होता, तिनेच.

हा अधिकार वापरलेलाच नाही असे मात्र नाही. के. आर. नारायणन यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली आणि गुजराल सरकारने ती सोडून दिली. पुढल्या वर्षी सप्टेंबरात बिहारविषयीची वाजपेयी सरकारची शिफारसही त्यांनी परत केली. दोन सरकारे, दोन वेगळे पक्ष, कसोटी एकच. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारचा सल्ला पुन्हा आला तेव्हा घटनेप्रमाणे त्यांनी सही केली. राज्यसभेत ती उद्घोषणा टिकणार नाही असे दिसल्यावर सरकारलाच ती मागे घ्यावी लागली. विवेक आणि नियम यांची सांगड कशी घालावी याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. उलट डॉ. अब्दुल कलाम यांनी मे २००५ मध्ये मॉस्कोच्या मुक्कामी असताना, मध्यरात्री आलेल्या कागदावर, बिहार विधानसभा विसर्जित करण्यासाठी सही केली. ते विसर्जन घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुढे ठरवले. तेव्हा आपण राजीनामा लिहून ठेवला होता, असे कलामांनी नंतर आपल्या पुस्तकात नमूद केले. न्यायालयाने त्यांना दोषी धरले नव्हते. धरूही शकत नव्हते. तरीही त्या सज्जनाला आपली सही आपलीच वाटली. ज्यांच्याकडे तो राजीनामा द्यायचा, ते उपराष्ट्रपती होते भैरोसिंह शेखावत!

आता आपल्या स्वतःच्या अंगणातली गोष्ट. एप्रिल २००६ मध्ये राजस्थान विधानसभेने धर्मस्वातंत्र्य विधेयक संमत केले. नाव स्वातंत्र्याचे असले तरी बलप्रयोग, प्रलोभन वगैरे शब्दांची व्याप्ती अशी होती की, आजाऱ्यासाठी केलेली प्रार्थनाही त्यांत ओढता यावी. जयपूरच्या राजभवनात तेव्हा प्रतिभाताई पाटील होत्या. त्यांनी त्यावर सही केली नाही. धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कावर त्याचा परिणाम होतो अशा आशयाची हरकत घेऊन ते परत पाठवले. सरकारने आग्रह धरला, आणि २००७ साली राज्यपालपद सोडण्यापूर्वी त्यांनी ते राष्ट्रपतींच्या विचारासाठी पाठवून दिले. त्यानंतर त्या स्वतःच शेखावतांचा पराभव करून राष्ट्रपती भवनात गेल्या. २००८ साली आणलेले दुसरे विधेयकही कायदा झाले नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी तेव्हा देवाचे आभार मानले. मीही मानले.

पण वाचकहो, आपला आनंद आपल्याला कोठे घेऊन जातो हे पाहिले पाहिजे. ते विधेयक लोकांनी निवडलेल्या सभागृहाने संमत केले होते. राज्यपालांना कोणी निवडले नव्हते. त्यांना केंद्रातल्या दुसऱ्या पक्षाच्या सरकारने नेमले होते. आणि एका राज्यपालाने विधेयक अडवणे हे जर लोकशाहीचे रक्षण असेल, तर तमिळनाडूत किंवा केरळात दुसऱ्या राज्यपालांनी विधेयके महिनोन्‌महिने दाबून ठेवणे हेही रक्षणच म्हणावे लागेल. जुलै २०२० मध्ये याच जयपुरात राज्यपालांनी विधानसभेचे अधिवेशन बोलावण्याची मंत्रिमंडळाची मागणी पुनःपुन्हा परत पाठवली होती, तेही मग चालवून घ्यावे लागेल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय अल्पसंख्य समाजाला तर मुळीच परवडत नाही. कारण उद्या अपवादाची गरज पडेल तेव्हा आपल्याजवळ दाखवायला नियमाशिवाय दुसरे काही नसते.

मग २००६ ची ती कृती योग्य होती की नव्हती? माझ्या मते होती, परंतु ती आपल्याला हितकर होती म्हणून नव्हे. कारण तिच्यात कागद परत गेला, हरकत उघड सांगितली गेली आणि विधानसभेला पुन्हा बोलण्याची संधी राहिली. परत पाठवणे आणि दडवून ठेवणे या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसतात. त्यांची जात वेगळी आहे. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ चे टपाल दुरुस्ती विधेयक सहीही न करता आणि परतही न करता आपली मुदत संपेपर्यंत ठेवून दिले. सरकारला लोकांची खासगी पत्रे उघडू देणारे ते विधेयक पुढे २००२ साली मागेच घेतले गेले, आणि बरेच झाले. परंतु संसदेपुढे कोणतेही कारण आले नाही. परिणाम चांगला निघाला म्हणून पद्धतीला चांगले म्हणणे हे पौलाच्या शिकवणीशी जुळत नाही.

याच भेदावर सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे बोट ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायाधीशांनी राज्यपाल व राष्ट्रपती यांना मुदती घालून दिल्या होत्या. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी कलम १४३ खाली न्यायालयाला चौदा प्रश्न विचारले, आणि अमरावतीचे सुपुत्र सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मत दिले. न्यायालय ठरावीक मुदत लादू शकत नाही, संमती दिली गेली असे परस्पर मानूही शकत नाही. मात्र राज्यपाल विधेयकावर कारणाशिवाय अनिश्चित काळ बसून राहिले, तर निर्णय घ्या एवढे त्यांना सांगू शकते. काहींना हे मत फारच सौम्य वाटले. मलाही त्यात एक धाक कमी पडल्यासारखा वाटतो, पण दडवणे हा पर्याय नाही हे त्याने मान्य केले, ही गोष्ट लहान नाही.

मधल्या काळात राजस्थानचे विधेयक तिसऱ्यांदा आले. ९ सप्टेंबर २०२५ रोजी विधानसभेने बेकायदा धर्मांतर प्रतिबंधक विधेयक संमत केले. पहिल्या दोहोंपेक्षा ते कितीतरी कठोर आहे आणि सामूहिक धर्मांतराला त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. राजभवनात यावेळीही एक मराठी गृहस्थच होते: महाराष्ट्र विधानसभेचे माजी अध्यक्ष हरिभाऊ बागडे. त्यांनी ऑक्टोबरात संमती दिली आणि कायदा झाला. तीच वास्तू, तेच पद, मराठी बोलणारी दोन माणसे, आणि दोन वेगळ्या सह्या. बागडे यांच्यावर मी कायदा मोडल्याचा आरोप करणार नाही. तसा आरोप करायला जागाच नाही. सभागृहाने संमत केलेल्या विधेयकाला राज्यपालांनी संमती द्यावी हाच सर्वसाधारण नियम आहे, आणि वर मी त्याच नियमाच्या बाजूने बोललो आहे. माझा प्रश्न त्या आधीचा आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांची शपथ मंत्र्यांच्या शपथेहून वेगळी आहे. मंत्री घटनेशी निष्ठा बाळगण्याची शपथ घेतो. राष्ट्रपती व राज्यपाल घटनेचे जतन, संरक्षण आणि रक्षण करण्याची घेतात. ही जादा शपथ नुसत्या पोस्टमनला कोणी देत नाही. तिचा काही अर्थ असेल तर तो एवढाच की, सहीपूर्वी एकदा तो कागद घटनेशेजारी ठेवून वाचावा, आणि शंका आली तर ती लिहून कळवावी.

अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजाविषयी जो नियम आहे, त्यात त्याने घोडे फार वाढवू नयेत, सोने-रुपे साठवू नये हे सर्वांना आठवते. त्याच्या पुढची आज्ञा कमी आठवली जाते. सिंहासनावर बसल्यावर राजाने नियमशास्त्राची प्रत आपल्यासाठी उतरवून घ्यावी आणि आयुष्यभर ती वाचत जावी. जगातल्या बहुतेक राजांना हुकूम लिहायला शिकवले गेले. या एकाला आधी कायदा उतरवायला सांगितला गेला. उतरवणाऱ्याची नजर सही करणाऱ्याच्या नजरेहून वेगळी असते. हे मी माझ्या धंद्यातून सांगतो: जे वाक्य दहा वेळा वाचून कळले नाही ते एकदा उतरवताना अडते.

आणि वाचण्याचे हे काम एकट्या राजाचे का असावे? याच राजस्थानात, डिसेंबर १९९४ मध्ये, पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके भर सभेत वाचली गेली. कामावर कधीच न गेलेल्यांची नावे निघाली, न मिळालेल्या मजुरीपुढे अंगठे निघाले. कागदांवर सह्या रीतसर होत्या. फक्त ते कधी कोणी मोठ्याने वाचले नव्हते. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले, २००० साली राजस्थानने आणि २००५ साली संसदेने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. राष्ट्रपतींच्या सहीपासून ग्रामसेवकाच्या सहीपर्यंत जो लगाम लागतो, त्याचे एक टोक त्या दुष्काळी गावातल्या निरक्षर बायकांच्या हातात होते.

नव्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारकडे उत्तर मागितले. तेथे स्टॅनिस्लॉस खटल्याचा १९७७ चा निकाल पुन्हा चर्चेला येईल. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे त्याने म्हटले होते, आणि तो दिला गेला तेव्हा देशात आणीबाणी चालू होती. या कायद्याविषयी आपल्या मंडळ्यांतून भीतीने बोलले जाते, अफवाही पुष्कळ आहेत. कायद्याची हिंदी प्रत मात्र फारच थोड्यांनी पाहिली आहे. येथील एका बैठकीत मी ती प्रथमपासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. दोन तास लागले. ऐकणाऱ्यांनी मध्ये थांबवून जे प्रश्न विचारले ते मी लिहून घेतले आहेत, आणि त्यांतले तीन असे आहेत की त्यांचे उत्तर मला कायद्यात सापडले नाही. ते मी वकिलांकडे पाठवले आहेत.